ज्याची लिंक त्याच्या हाती

सोमवार, ३ मार्च

सकाळी गेणभाऊ येऊन गेला. चुलत्याचा थोरला, भावकीत सगळ्यांत वडील, त्यामुळे कुणाच्याही घरात नाक खुपसायचा त्याला परवानाच आहे. चहा झाला, कांद्याची चौकशी झाली, आमच्या हिच्या, ठकूच्या, गुडघ्याची झाली, तरी उठेना. सूनबाई, समृद्धी, डेअरीवर गेली होती. सकाळ-संध्याकाळ ती गावच्या डेअरीत दुधाचं फॅट काढायचं काम करते. तिची वेळ बघूनच तो आला असणार.

“भगवंता, सुनंचं वय अजून तिशीच्या आत हाय,” तो म्हणाला. “सार्थक गेला, त्याला कुणाचा इलाज न्हाई. पर हिला किती दिस अशीच ठिवनार? आमच्या भिकाचं बघ. त्याची बायको जाऊन वरीस झालं. पाडवा झाला की म्होतूर उरकून टाकू. घरातली घरात राहील, तुमालाबी म्हातारपनी आधार.”

भिका त्याचा भाचा. चाळिशीला आलाय, दोन मुलं पदरात. माणूस वाईट नाही. पण म्होतूर हा शब्द कानावर पडला की माझं डोकं फिरतं. माझ्या धाकट्या मावशीचं म्होतूर लागलं तेव्हा मी शाळेत होतो. विधवेचा दुसरा संसार, पण त्याला लग्न म्हणायचं नाही. अंधार पडल्यावर, वाजंत्रीशिवाय, सवाष्णींनी तोंड फिरवून उभं राहायचं, आणि नव्या घरात शिरायचं ते मागच्या दाराने. मावशी माझ्या आईला धरून रडत होती ते मला अजून दिसतं. हल्ली इतकं कडक कुणी पाळत नाही, पण गेणभाऊ पाळेल.

“बघू,” एवढंच मी म्हटलं. पाडव्याला जबाब घ्यायला येतो म्हणून तो गेला.

येत्या वैशाखात सार्थकला जाऊन दोन वर्षं होतील. नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो टाकून मोकळे क्रेट घेऊन परत येत होता, ट्रकने मागून उडवलं. त्यावर आणखी काय लिहायचं?

गुरुवार, ६ मार्च

घोडेगावच्या सावळारामला फोन केला. आम्ही दोघे एकाच वर्षी पोस्टमन म्हणून लागलो आणि एकाच वर्षी सुटलो. त्याच्या भाचीचं दुसरं लग्न पुण्यातल्या एका मंडळाने जुळवलं, चांगलं दिवसाढवळ्या, कार्यालयात, अक्षता टाकून. त्याच्याकडून नंबर घेतला आणि लगेच लावला.

मंडळातल्या बाई गोड बोलल्या. समृद्धीचं नाव, वय, शिक्षण, माहेर घोडेगाव, सगळं लिहून घेतलं. म्हणाल्या, “मुलीची स्वतःची संमती लागते. मी मेलवर लिंक पाठवते, ती तिने उघडायची. महिनाअखेरपर्यंत उघडली तर एप्रिलच्या मेळाव्यात तिचं नाव येईल.” मी माझा ईमेल दिला. पेन्शनच्या कामासाठी मोबाईल दुकानवाल्या भरतने काढून दिलेला.

ठकू भाकरी थापत होती. तिला सांगितलं तर तिने एकच विचारलं, “तिला इचारलं का?”

“आधी सगळं जुळू दे. आत्तापासून पोरीच्या जिवाला घोर कशाला?”

 तिचा भाकरी थापायचा आवाज वाढला.

बाईंचा तो नियम मला फार आवडला. आम्हीही रजिस्टर असंच वाटायचो. एकदा आमच्याच गावात एका सुनेच्या नावाने माहेरहून रजिस्टर आलं. सासरा ओट्यावर बसलेला. “आन इकडं, मी देतो तिला,” म्हणाला. मी म्हटलं, ज्याचं त्याच्या हाती. तो चिडला, साहेबाकडे तक्रार करतो म्हणाला. मी सायकल ओट्याला टेकवली आणि उभाच राहिलो. शेवटी ती पोर पिठाचे हात घेऊन बाहेर आली आणि सही करून पत्र घेऊन गेली. साहेबांनी पुढे सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. असा नियम पाळणारी माणसं आता राहिली नाहीत.

शनिवार, ८ मार्च

मेल आली, पण लिंक उघडत नाही.

घरात मोठा फोन एकच, सार्थकचा. त्या दिवशी तो चार्जिंगला घरी राहिला होता, म्हणून तेवढा वाचला. आता समृद्धी वापरते. डेअरीत जाताना खिडकीत ठेवून जाते, दुधाचे हात लागतात म्हणून. माझा स्वतःचा फोन बटनांचा, त्यामुळे मेल बघायची तर ती सार्थकच्या फोनवरच.

निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं की खाली एक ओळ येते, ‘ही कृती करू शकणारे अ‍ॅप आढळले नाही’, आणि विझते. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. बोट ओलं असेल म्हणून धोतराला पुसून दाबलं. त्या ओळीचा सूर आमच्या जुन्या पोस्टमास्तरसारखा आहे, काम होणार नाही एवढंच सांगायचं, का ते विचारायचं नाही.

आणखी एक. नवी मेल जाड अक्षरांत दिसते असं भरतने शिकवलं होतं. ही बारीक अक्षरांत होती, कुणीतरी आधीच वाचल्यासारखी. फोनच म्हातारा झालाय, दुसरं काय.

समृद्धी आली तेव्हा फोन माझ्याच हातात होता. “आबा, काय पाहिजे व्हतं का फोनमधलं?”

“पेन्शनचं बघत होतो. लिंक उघडत नाही.”

“हं,” म्हणाली आणि हात धुवायला मोरीत गेली. एरवी फोनचं काही अडलं तर लगेच करून देते. दमली असेल.

मंगळवार, ११ मार्च

रेंजचा दोष असावा असं वाटलं. संध्याकाळी फोन घेऊन कॅनॉलच्या भरावावर गेलो, तिथे सगळ्या रेघा दिसतात. फोन डोक्यावर धरून दाबला, छातीशी धरून दाबला. ‘ही कृती करू शकणारे अ‍ॅप आढळले नाही.’ खालून ठकू हाका मारत होती, “अवो, उसात बिबट्या फिरतोय चार दिस झालं, आन तुमी तिथं कुणाला मोबाईल दाखवताय?” तसाच परत आलो.

गंमत म्हणजे व्हिडिओ लागतात, व्हॉट्सअ‍ॅप चालतं. फक्त लिंक म्हटली की फोन मुका होतो.

शनिवार, १५ मार्च

समृद्धी सकाळी डेअरीवर गेली तशी मी फोन पिशवीत टाकून एसटीने आळेफाटा गाठला. भरतचं मोबाईलचं दुकान तिथे आहे. भरत म्हणजे सार्थकचा पहिलीपासूनचा दोस्त. पोरगा आमच्या घरी लहानाचा मोठा झाला म्हटलं तरी चालेल.

त्याने फोन हातात घेतला, मागचं कव्हर अंगठ्याने पुसलं. मी सगळं सांगितलं, मंडळाचंसुद्धा. त्याने ऐकून घेतलं. मग फोन बंद करून चालू केला, काय काय उघडलं, मिटलं, आणि म्हणाला, “मंडळाचीच लिंक गंडली असंल, काका.”

“मग दुसरं काहीतरी टाक त्यात, लिंका उघडणारं.”

“जागा न्हाई फोनमधी.”

“थोडं काही काढून टाक की.”

“नको, काका.” हे तो इतकं पटकन म्हणाला की मी बघतच राहिलो. मग जरा हळू आवाजात विचारलं, “तुमी फोन आनलाय ते वहिनीला ठाऊक हाय का?” काय पण प्रश्न. जणू मी फोन चोरून आणलाय.

घरी आलो तर समृद्धी दारातच उभी होती. फोन माझ्या हातातून घेतला, म्हणजे जवळजवळ ओढलाच. “भरतभाऊंनी काय केलं ह्याला? पुसलं नाय ना आतलं काही?”

“काही नाही गं, बंद करून चालू केला नुसता.”

तरी आत जाऊन बराच वेळ बघत बसली. हल्लीच्या मुलांना फोन म्हणजे जीव की प्राण.

मंगळवार, १८ मार्च

मंडळाच्या बाईंना माझ्या फोनवरून सांगितलं, तुमची लिंक बिघडली आहे. त्या हसल्या. म्हणाल्या, बाकी सगळ्यांची उघडते. तरी पुन्हा पाठवली. तीही तशीच. मग त्यांनी विचारलं, “तुमच्या फोनमध्ये ब्राउझर आहे ना?”

मी म्हटलं, ते काय असतं?

बाईंना शिकवायची हौस आहे. म्हणाल्या, “असं समजा, मेल म्हणजे पाकीट. लिंक म्हणजे आत लिहिलेला पत्ता. पण पत्ता काही स्वतः चालत जात नाही. त्या पत्त्यावर घेऊन जाणारा लागतो. तो ब्राउझर.”

“म्हणजे पोस्टमन.”

“अगदी बरोबर. तुमच्या फोनमध्ये पोस्टमनच कामावर दिसत नाही.”

सगळा फोन धुंडाळला. त्याची खूण म्हणून बाईंनी सांगितलेला रंगीत गोल सगळ्यांच्या फोनवर असतो, आमच्यावर नाही. पोस्टमनच्या घरातल्या फोनला पोस्टमन नसावा, यावर सावळाराम पोट धरून हसला असता.

फोन ठेवता ठेवता बाई म्हणाल्या, “एवढा त्रास कशाला घेता? मुलीलाच द्या ना फोन, ती बघेल.” मी हो हो म्हटलं. त्यांना काय माहीत, घरातल्या गोष्टी अशा सरळ नसतात.

शुक्रवार, २१ मार्च

एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. आज पुन्हा लिंक दाबली, उघडली नाही, आणि मला बरं वाटलं.

दुपारी समृद्धी आणि ठकू अंगणात कुरडया घालत होत्या. समृद्धी सोऱ्या दाबत होती, ठकू तिच्या डोक्यावर पदर धरून ऊन अडवत होती. दोघी काहीतरी बोलून हसत होत्या. सार्थक गेल्यावर या घरात पहिल्यांदा जे हसू आलं ते तिच्यामुळे. ती गेली की आम्ही दोघांनी एकमेकांची तोंडं बघत बसायचं. मला ती जायला नको आहे. असं असून मी तिच्या भल्यासाठी धावपळ करतोय, आणि लिंक उघडली नाही की सुटल्यासारखं वाटतं. मग भिका आठवतो, मागचं दार आठवतं, आणि पुन्हा दाबतो.

सोमवार, २४ मार्च

आज लिंक उघडली.

आळेफाट्याला एक नेट सेंटर आहे, शाळेच्या पोरांचे फॉर्म भरून देतात. तिथल्या कॉम्प्युटरवर मेल उघडली. पासवर्ड पाठ आहे, गावाचा पिनकोड आणि पुढे ठकूचं नाव. निळी अक्षरं दाबली आणि एका झटक्यात पान समोर आलं. म्हणजे लिंकमध्ये काही खोट नव्हती. इतके दिवस उगीच त्या बाईंना बोल लावला.

पानावर वर समृद्धीचं पूर्ण नाव होतं. खाली एक वाक्य: ‘मी स्वतः, माझ्या इच्छेने हे पान उघडले आहे.’ त्याखाली दोन चौकोन, होय आणि नाही.

मी बाण ‘होय’वर नेला. नुसतं दाबायचं होतं. कुणी बघत नव्हतं, सेंटरवाला चहा पीत होता. बोट काही खाली जाईना. वर तिचं नाव होतं आणि माऊसवर माझं बोट, सगळं आयुष्य उन्हातान्हात लोकांच्या सह्या घेतलेलं.  सेंटरवाला म्हणाला, “बाबा, झालं का? पोरं थांबल्यात.” मी पान मिटलं आणि उठलो.

घरी काही सांगितलं नाही.

मंगळवार, २५ मार्च

काल लिंक धड निघाली, म्हणजे दोष फोनचाच. सरळ भरतकडे गेलो. फोन नेला नव्हता. “भरत, खरं सांग. फोनमधला ब्राउझर कुठे गेला?”

तो एका फोनला काच लावत होता. काच खाली ठेवली. “हाय तिथंच, काका. बंद करून ठिवलाय. लई सांभाळून केलंय, आतलं काही पुसलं न्हाई.”

“कुणी केला बंद?”

“मी. वहिनीनं सांगितलं म्हनून.”

मला राग आला. इतका की कानशिलं तापली. आम्ही तिच्यासाठी जिवाचं रान करतोय आणि ती गुपचूप दारं लावून घेते. “आम्हाला एका शब्दाने सांगता आलं नाही तिला? मंडळ नको होतं तर तसं म्हणायचं.”

भरतने मान हलवली. “मंडळाचा काय संबंध? ते बंद करून दोन वर्सं व्हतील आता. सार्थकचा दहावा झाला आन दुसऱ्या दिशी वहिनी आली दुकानात. डोळं सुजल्यालं. म्हनाली, हे बंद करा, पुन्हा उघडता कामा नये.”

“का?”

“ते मी नाय सांगनार. तुमी तिलाच इचारा, काका. कवातरी इचारा की.”

येताना एसटीत बसायला जागा होती तरी उभाच राहिलो.

बुधवार, २६ मार्च

जेवण गेलं नाही. ठकूला भरतचं सांगितलं. मला वाटलं तीही चकित होईल. ती तांदूळ निवडत होती, वर न बघता म्हणाली, “मला फोनमधलं काय कळतंय? पर ती मेल तिनं वाचलीय. आली त्याच दिशी वाचली. मला म्हनाली, आबांनी माझं नाव पुन्याला दिलंय.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“तिनं नको म्हनून सांगितलं. म्हनाली, आबा मला इचारतील तवा मी बोलन. मी बी म्हनलं, आज इचारतील, उद्या इचारतील.” मग तिने सूप खाली ठेवलं. “जल्मभर लोकांची रजिष्टरं ज्याची त्याच्या हातात दिली ना तुमी? सांगून सांगून माझं कान किटलं त्या गोष्टीनं. हिचंच तेवढं सासऱ्याच्या हातात कसं काय?”

 तो ओट्यावर बसलेला म्हातारा आठवला. त्याचा चेहरा मी विसरलो होतो, तर आज लख्ख दिसला.

शुक्रवार, २८ मार्च

काल दिवसभर धीर झाला नाही. आज केलं.

सकाळी समृद्धी डेअरीवरून आली. मी खिडकीतला फोन घेतला आणि ओट्यावर तिच्यासमोर उभा राहिलो. जे आयुष्यभर म्हणत आलो तेच तोंडून निघालं. “समृद्धी, तुझ्या नावाने आलंय. तुझ्याच हातात द्यायचं आहे.”

तिने पदराला हात पुसले आणि फोन घेतला. ठकू दाराला टेकून उभी होती.

“मी तुला आधी विचारायला हवं होतं,” मी म्हटलं. “नाही विचारलं. गेणभाऊ पाडव्याला येणार, त्याच्या मनात भिका आहे. मला ते म्होतूर नको होतं, म्हणून घाईने मंडळात नाव दिलं. पण तुला काय हवं ते मला माहीत नाही.”

“मला भिकाभाऊंकडं जायचं नाय,” ती म्हणाली. “ते ठरलेलंच हाय. मंडळाचं मात्र मला पण ठरवता येत नव्हतं. कधी वाटायचं बघावं. कधी वाटायचं, लिंक उघडायची म्हंजी हे उघडावं लागणार.” तिने फोन उचलून दाखवला.

“त्यात काय आहे बाळा?”

“काही नाय, आबा. काहीच नाय.” मग ती ओट्यावर बसली, मीही बसलो. “ते गेले तवा ह्याच्यात त्यांनी बघितलेली पानं तशीच उघडी व्हती. ठिबकचं कायतरी, मॅचचा स्कोअर, हवामान, टोमॅटोचा भाव. शेवटचं काय काय बघितलं ते सगळं. दहाव्याच्या दिशी मी हवामानाचं पान लावलं, म्हटलं बघावं, त्यांनी कुठला पाऊस बघितला ते. तर नुसतं एक गोल फिरलं आन समोर त्याच दिवसाचं हवामान आलं. त्यांनी बघितलेलं गेलं. परत आणायला लई खटपट केली, नाय आलं. उघडलं की ते आपोआप नवं व्हतं, आबा. मग मी भरतभाऊंकडं पळाले. म्हटलं निदान टोमॅटोच्या भावाचं पान तरी राहू दे. त्या दिवशी घरातनं निघताना त्यांनी तेच बघितलं व्हतं, चहा पीत पीत, ह्याच ओट्यावर.”

ठकूने पदर तोंडाला लावला. मला तर पुढचं दिसेना. दोन वर्षं हा फोन माझ्या नजरेसमोर खिडकीत पडून होता. मी तो हलवला, पुसला, डोक्यावर धरून नाचलो, आणि त्याच्या आत माझ्या पोराची शेवटची सकाळ होती.

“राहू दे मग,” मी म्हटलं. “नको उघडू. नेट सेंटरला जाऊ, किंवा मंडळाला नाही कळवू. तू म्हणशील तसं.”

तिने फोन मांडीवर धरला. मग म्हणाली, “मी कुठं गेलेच, तर हा फोन बरोबर न्यायचा म्हटलं तर चालंल का?”

“तो तुझाच आहे.”

“आन नाव नोंदवलं म्हंजी लगेच लग्न नाय ना?”

“नाही. मेळाव्यात बघायचं, बोलायचं. नाही पटलं तर नाही म्हणायचं. तूच म्हणायचं.”

तिने मान हलवली. मग भरतला फोन लावला, तो सांगेल तसं एकेक दाबत गेली. रंगीत गोल पुन्हा दिसायला लागला. तिने त्यावर बोट ठेवलं आणि फोन आम्हा दोघांना दिसेल असा मध्ये धरला.

पान आलं. नारायणगाव मार्केट, टोमॅटो, आणि वर त्या दिवसाची तारीख. मी ती वाचली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच वर एक गोल फिरायला लागला. समृद्धीचं बोट उचललं गेलं, जणू त्याला थांबवता येईल. मग तारीख बदलली. आजची आली, भाव आजचा आला.

“गेलं,” ती म्हणाली.

 रस्त्यावरून कांद्याचा एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज लांब जाईपर्यंत आम्ही तिघे तसेच बसून होतो. समृद्धीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तिने ते पुसलंही नाही. पुढे वाकून तिने पान नीट वाचलं, वरपासून खालपर्यंत, तो वाचायचा तसंच.

“आज भाव बरा हाय, आबा,” ती म्हणाली.

मग मेल उघडली आणि निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं. लिंक लगेच उघडली. तिचं नाव, ते वाक्य, ते दोन चौकोन. मी मान दुसरीकडे केली. रजिस्टर दिलं की आत काय लिहिलंय ते पोस्टमनने बघायचं नसतं.

“होय दाबलं,” ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

रविवार, ३० मार्च, पाडवा

गुढी समृद्धीनेच उभारली. गेल्या वर्षी उभारली नव्हती.

दुपारी गेणभाऊ आला. पुरणपोळी झाली, पान झालं, मग त्याने विषय काढला. मी म्हटलं, “भिकाला दुसरीकडे बघा, गेणभाऊ. आमच्या घरातून म्होतूर निघणार नाही. समृद्धीचं जमलं तर लग्न होईल, दिवसा होईल, आणि ती याच पुढच्या दाराने जाईल.”

“आन न्हाई जमलं तर?”

“तर इथेच राहील. तिचं घर आहे.”

तो रागावला. भावकी तोंडात शेण घालील म्हणाला, म्हातारपणी पाणी पाजायला कुणी उरणार नाही म्हणाला. ते दुसरं मला लागलं, कारण ते खरं आहे. मी तसं त्याला सांगितलंही. आणि म्हटलं, “पत्रिका निघाली तर पहिली तुझ्या हातात येईल. मी स्वतः घेऊन येईन.” तो चपला घालून निघून गेला.

मंडळाचं उत्तर आलंय. मेळावा वीस एप्रिलला. समृद्धी म्हणाली, आबा, तुमी आन आई दोघंबी चला. ठकूने आत्तापासूनच कोणतं लुगडं नेसायचं ते काढून ठेवलंय, आणि मधूनच रडते. मला विचारलं तर मीही रडतो. जाईल बहुतेक पोरगी. आज नाही तर वर्षाने.

ब्राउझर आता चालूच आहे. सकाळी चहा घेताना समृद्धी फोन बघते आणि मोठ्याने सांगते, आज क्रेटमागे किती चढला, किती उतरला. यंदा आमच्या रानात टोमॅटो नाही. तरी मी विचारतो, आणि ती सांगते.